‘वाँग फेई-हुंग’ (१९९१) आणि त्याच्या घरगुती आवृत्त्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाँगकाँगच्या ज्या मोजक्या मारधाडपटांनी एका पिढीची अभिरुची घडवली, त्यांत त्सुई हार्क दिग्दर्शित या चित्रपटाचे स्थान फार वरचे आहे. तो घरी पाहायचा तर कोणती डिस्क घ्यावी, कोणत्या भाषेत पाहावा, कालावधीचे आकडे वेगवेगळे का दिसतात, असे प्रश्न नव्या प्रेक्षकांना पडतात. चित्राची चर्चा सर्वत्र होते, पण आवाजाची फारशी होत नाही. पुढील उत्तरांचा कल त्यामुळे काहीसा आवाजाकडे झुकलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

या चित्रपटाला दोन नावे कशी?

हाँगकाँगमध्ये तो केवळ ‘वाँग फेई-हुंग’ या नावाने प्रदर्शित झाला. तेथील प्रेक्षकाला त्या नावापुढे काही जोडण्याची गरज नव्हती. परदेशी वितरणासाठी त्याला ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’ हे इंग्रजी नाव मिळाले आणि जगभर तेच रूढ झाले. मंदारीन या चीनच्या अधिकृत भाषेतील उच्चारानुसार नायकाचे नाव ‘हुआंग फेईहोंग’ असे होते, म्हणून काही आवृत्त्यांच्या उपशीर्षकांत तसे लिहिलेले आढळते. माणूस एकच आहे.

वाँग फेई-हुंग खरोखर होऊन गेला का?

होय. १८४७ ते १९२५ हा त्याचा काळ मानला जातो. दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांतातल्या फोशान परिसरात तो जन्मला. तो हुंग घराण्याच्या युद्धकलेचा गुरू होता, हाडवैद्य होता आणि सिंहनृत्यातही निष्णात होता. ‘पो ची लाम’ हा त्याचा दवाखाना १९२४ साली ग्वांगझौमधील व्यापारी दलाच्या बंडाच्या धामधुमीत भस्मसात झाला, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्याचे निधन झाले.

पडद्यावरचा वाँग मात्र त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ पाव शतकाने जन्माला आला. १९४९ सालापासून क्वान टाक-हिंग या कँटोनीज (हाँगकाँग व दक्षिण चीनमधील भाषा) संगीत नाटकातील नटाने ही भूमिका सत्तरहून अधिक चित्रपटांत केली आणि शांत, संयमी, वडीलधारा गुरू ही प्रतिमा लोकांच्या मनात पक्की बसवली. १९७८ साली तरुण जॅकी चॅनने त्याच गुरूला उनाड पोरगा करून दाखवले. १९९१ साली त्सुई हार्कपुढे प्रश्न होता तो या दोन टोकांच्या मधला माणूस शोधण्याचा. त्याचा वाँग वयाने तरुण आहे, पण वागण्यात पोक्त आहे. त्याला आपली परंपरा पुरती ठाऊक आहे, आणि समोर येऊ घातलेले जग मात्र अजिबात उमगलेले नाही.

कथा थोडक्यात काय आहे?

काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, स्थळ फोशान. सुरुवातीला जहाजावर सिंहनृत्य चालू असते, फटाके वाजतात आणि शेजारच्या जहाजावरील फ्रेंच सैनिक ते गोळीबाराचे आवाज समजून उलट गोळ्या झाडतात. काळ्या झेंड्याच्या सैन्याचा सेनापती लिउ युंगफू (हीदेखील इतिहासातील खरी व्यक्ती) निघताना स्थानिक तरुणांच्या पथकाची जबाबदारी वाँगवर सोपवतो आणि परकीयांशी झालेले अन्यायी करार ज्यावर लिहिले आहेत असा एक पंखा त्याला देतो. पुढे गावातील खंडणीखोर टोळी, ‘सोन्याच्या डोंगराचे’ आमिष दाखवून मजुरांना अमेरिकेला नेणारे व्यापारी, परदेशी मिशनरी आणि गोंधळलेले सरकारी अधिकारी यांच्या कचाट्यात वाँग सापडतो. कथानक बरेच गुंतागुंतीचे आहे आणि पहिल्या वेळी एखादा धागा हातून निसटला तर त्यात प्रेक्षकाचा दोष नाही.

कलाकार आणि तंत्रज्ञ कोण आहेत?

वाँगच्या भूमिकेत जेट ली आहे. शिष्य होऊ पाहणाऱ्या लिउंग फूनच्या भूमिकेत युएन बियाओ, तेराव्या मावशीच्या भूमिकेत रोझमंड क्वान, अमेरिकेहून परतलेल्या दातपुढ्या ‘सो’च्या भूमिकेत जॅकी च्युंग आणि खाटीक असलेल्या शिष्याच्या भूमिकेत केंट चेंग आहे. ‘लोखंडी अंगरखा’ ही विद्या साधलेल्या, पण पोटासाठी रस्त्यावर खेळ करावे लागणाऱ्या उत्तरेकडच्या गुरूचे काम येन शी-क्वानने केले आहे, आणि माझ्या मते चित्रपटातील सर्वांत उत्तम अभिनय तोच आहे.

निर्मिती त्सुई हार्कची ‘फिल्म वर्कशॉप’ आणि रेमंड चाऊंनी उभारलेली ‘गोल्डन हार्वेस्ट’ यांची. मारामारीची आखणी करणाऱ्यांत युएन च्युंग-यान आणि युएन शुन-यी या भावांबरोबर लाउ कार-विंग आहे. लाउ कार-विंगचे वडील लाम साई-विंगचे शिष्य होते, आणि लाम साई-विंग हा प्रत्यक्ष वाँग फेई-हुंगचा शिष्य. केंट चेंगने रंगवलेला खाटीक म्हणजे हाच लाम साई-विंग. गायकीच्या घराण्याची वंशावळ जशी गुरूच्या नावांनी सांगितली जाते, तशीच येथे सांगता येते, आणि ती थेट कथेतील एका पात्रापर्यंत जाऊन पोचते.

‘तेरावी मावशी’ ही भानगड काय आहे?

इंग्रजी उपशीर्षकांत तिला ‘आंट’ म्हणतात आणि तेथेच अर्थ निम्मा सांडतो. मूळ कँटोनीज शब्द ‘यी’ हा आईच्या बहिणीसाठी वापरला जातो, म्हणून मराठीत त्याला ‘मावशी’ हा अगदी नेमका शब्द आहे. काकू, आत्या किंवा मामी यांच्याशी त्याची गल्लत होत नाही. हे नाते रक्ताचे नाही, मानलेल्या भावकीतून आलेले आहे. ती वयाने तरुण आहे, विलायतेहून शिकून आली आहे, पाश्चात्त्य पोशाख घालते, कॅमेरा बाळगते आणि वाँगवर तिचे प्रेम आहे. पण नात्याच्या पायरीने ती त्याच्याहून वडील ठरते, त्यामुळे तो तिला आदरार्थी हाक मारतो आणि त्या हाकेआड लपतो. मराठी वाचकाला यातील अवघडलेपणा समजावून सांगावा लागत नाही.

जेट ली कँटोनीज बोलतो का? मग ‘मूळ आवाज’ म्हणजे कोणाचा?

हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. जेट ली १९६३ साली बीजिंगमध्ये जन्मला. तो वुशू या चिनी युद्धकलेचा राष्ट्रीय विजेता होता आणि त्याची भाषा मंदारीन. कँटोनीज ध्वनिपट्टीवर ऐकू येतो तो त्याचा स्वतःचा आवाज नाही. याचा अर्थ कँटोनीज आवृत्ती नकली, असा मात्र काढू नये. त्या काळी हाँगकाँगमध्ये बहुतेक चित्रपटांचे चित्रीकरण आवाज ध्वनिमुद्रित न करताच होत असे आणि संवाद, पावलांचे आवाज, ठोशांचे फटकारे, सारे काही नंतर स्टुडिओत भरले जाई. नट आपापल्या भाषेत बोलत, आवाज पुष्कळदा व्यावसायिक डबिंग कलाकार देत. त्यामुळे चित्रीकरणाच्या वेळचा ‘खरा’ आवाज अशी वस्तू मुळात अस्तित्वातच नसते.

मग मूळ कशाला म्हणायचे? दिग्दर्शकाने ज्या शहरासाठी चित्रपट केला, त्या शहराच्या सिनेमागृहांत १९९१ सालच्या ऑगस्ट महिन्यात जे ऐकू आले, ते मूळ. ते कँटोनीज होते. शिवाय फोशान हे कँटोनीज भाषेचेच गाव आहे आणि वाँग हा त्या भाषकांचा लोकनायक. मंदारीन पट्टीत जेट लीच्या ओठांची हालचाल अधिक जुळते हे खरे, पण त्याच्याभोवतीची बाकीची मंडळी त्या भाषेत परकी वाटू लागतात. ‘सो’चे पात्रही भाषेच्या या खेळावरच उभे आहे. परदेशात वाढलेला हा तरुण चिनी बोलताना अडखळतो, तोतरा होतो आणि इंग्रजी मात्र अस्खलित बोलतो. संपूर्ण चित्रपट इंग्रजीत डब केला की हा विनोद जागच्या जागी मरतो.

इंग्रजी डबिंग मग अजिबात ऐकू नये का?

उपशीर्षके वाचणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी जरूर ऐकावे. इतरांनी ते गंमत म्हणून एकदा ऐकून बाजूला ठेवावे.

उपशीर्षकांच्या चुका इतक्या का आढळतात?

हाँगकाँग ब्रिटिश वसाहत असल्यामुळे तेथील चित्रपटांवर इंग्रजी उपशीर्षके देण्याची पद्धत १९६०च्या दशकापासून रुळली होती. चिनी आणि इंग्रजी अशा दोन ओळी थेट फिल्मवरच छापल्या जात. हे काम घाईत आणि स्वस्तात उरकले जाई, त्यामुळे व्याकरणाचे विनोदी अपघात सर्रास घडत. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे येऊन अर्धे वाक्य गायब होणे हीही नित्याची बाब होती. या छापील उपशीर्षकांची फिल्म पुढे व्हिडिओ कॅसेट आणि लेझर डिस्कवर तशीच उतरली.

डीव्हीडीच्या काळात दुसराच घोळ सुरू झाला. काही परदेशी आवृत्त्यांत उपशीर्षके कँटोनीज संवादांवरून न करता इंग्रजी डबिंगच्या संहितेवरूनच उतरवली जात. डबिंगची वाक्ये ओठांच्या हालचालीला जुळावीत म्हणून बदललेली असतात, परिणामी पात्र एक बोलते आणि खाली भलतेच दिसते. ओळखण्याची खूण सोपी आहे : पात्राचे तोंड बंद असताना उपशीर्षक येत असेल किंवा लांबलचक संवादाला दोनच शब्द येत असतील, तर ती आवृत्ती संशयास्पद समजावी.

चित्रपटाचा खरा कालावधी किती? कोठे १३४ मिनिटे लिहिले आहे, कोठे १२८.

पूर्ण आवृत्ती सुमारे १३४ मिनिटांची आहे. सहा मिनिटे कमी दिसली की लोक कात्री लागल्याचा संशय घेतात, पण कारण बहुधा तांत्रिक असते. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने चालते, तर ब्रिटन व भारतासह अनेक देशांतील ‘पाल’ (PAL) ही दूरचित्रवाणी पद्धत २५ चौकटींची. पाल डीव्हीडी करताना चित्रपट किंचित वेगाने पळवला जाई, म्हणजे सुमारे चार टक्के, आणि १३४ मिनिटांचा चित्रपट १२८ ते १२९ मिनिटांत संपे. दृश्य एकही गळत नाही.

आवाजाचे मात्र नुकसान होते. गती वाढली की स्वर चढतो, आणि तो वेगळ्याने दुरुस्त केला नसेल तर वाँगचा धीरगंभीर आवाज पातळ होतो, ढोलांचा घुमारा घटतो. जुन्या ब्रिटिश डीव्हीडीवर वाढलेल्या प्रेक्षकाने ब्लू-रे लावली की ‘हे गाणे संथ का वाटते?’ असे तो विचारतो. ते संथ झालेले नाही. इतकी वर्षे तोच ते घाईने ऐकत होता.

त्या गाण्याबद्दल आणखी सांगाल का?

समुद्रकिनाऱ्यावर भल्या पहाटे शेकडो तरुण कवायत करत आहेत आणि त्यावर शीर्षकगीत चालू आहे, हे दृश्य चित्रपट न पाहिलेल्यांनीही कोठे ना कोठे पाहिलेले असते. गाण्याची चाल ‘सेनापतीची आज्ञा’ अशा अर्थाच्या एका पारंपरिक चिनी सुरावटीवर बेतलेली आहे. क्वान टाक-हिंगच्या जुन्या कृष्णधवल चित्रपटांत तीच सुरावट वाजत असे, म्हणून हाँगकाँगच्या प्रेक्षकाच्या कानात ती आधीपासूनच वाँगची म्हणून रुजलेली होती. जेम्स वाँग यांनी तिला नवे शब्द आणि नवा साज दिला : पुरुषाने स्वबळावर उभे राहावे, असा त्या शब्दांचा आशय आहे. पहिल्या भागात कँटोनीज गीत जॉर्ज लॅमने गायले आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटी ते जॅकी चॅनच्या आवाजात येते. हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटाला दिग्दर्शन, संकलन आणि मारामारीच्या आखणीबरोबर संगीताचाही पुरस्कार मिळाला.

‘५.१’ ध्वनी अधिक चांगला नाही का?

आकडा मोठा म्हणजे आवाज चांगला, असे नाही. हा चित्रपट मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या, ध्वनीसाठी घडवलेला आहे. डीव्हीडीच्या जमान्यात जुन्या चित्रपटांना ‘आधुनिक’ करण्याची लाट आली, तेव्हा सहा स्पीकरांसाठी नव्याने मिश्रण करताना ठोसे, तलवारी, बंदुका यांचे जुने आवाज काढून त्या जागी संग्रहातले नवे आवाज बसवले गेले. हाँगकाँगपटातील ठोशाचा तो कोरडा, किंचित अतिशयोक्त ‘फट्’ हा मारामारीच्या लयीचा भाग असतो, तालवाद्यासारखा. तो बदलला की हालचाल आणि ताल यांची फारकत होते. मेन्यूमध्ये मोनो किंवा मूळ सिनेमागृहातील मिश्रणाचा पर्याय असेल तर तोच निवडावा.

कोणकोणत्या आवृत्त्या आजवर निघाल्या?

सुरुवात कॅसेट आणि लेझर डिस्कपासून झाली. मग आशियाभर व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) आली. एका व्हीसीडीत जेमतेम ७४ ते ८० मिनिटे मावत, म्हणून हा चित्रपट दोन चकत्यांवर विभागला जाई आणि रंगात आलेली मारामारी सोडून डिस्क बदलायला उठावे लागे. हाँगकाँगच्या बऱ्याच व्हीसीडींत डाव्या बाजूला कँटोनीज आणि उजव्या बाजूला मंदारीन अशी सोय असे. प्लेअरवर योग्य बाजू निवडली नाही तर दोन्ही भाषा एकदमच ऐकू येत. पुढे ब्रिटनमध्ये ‘हाँगकाँग लेजंड्स’ने आणि अमेरिकेत ‘कोलंबिया ट्रायस्टार’ने डीव्हीडी काढल्या. गोल्डन हार्वेस्टचा मोठा चित्रपटसंग्रह नंतर ‘फॉर्च्युन स्टार’कडे गेला. एके काळी ही संस्था आपल्याकडच्या ‘स्टार’ वाहिन्यांच्याच परिवारातली होती.

आज विचार करण्याजोगे संच दोन. २०१८ साली ब्रिटनच्या ‘युरेका’ने पहिल्या तीन भागांचा ब्लू-रे संच काढला आणि त्यात १९९७ सालचा अमेरिकेत घडणारा भाग जोड म्हणून दिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या ‘क्रायटेरियन’ने सहाही चित्रपटांचा संच आणला. त्यात पहिल्या भागाचे ४के पुनरुज्जीवन आहे, सिनेमागृहातील मूळ कँटोनीज ध्वनिमिश्रण आहे आणि दिग्दर्शक त्सुई हार्क व संकलक मार्को माक यांच्या मुलाखती आहेत. दोन्हींतून एक निवडायचा झाल्यास मी क्रायटेरियनकडे झुकेन, आणि ते मुख्यतः त्या ध्वनिमिश्रणासाठी.

या डिस्क भारतात चालतील का?

येथे अनेकांची फसगत होते. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग पाडलेले आहेत. अमेरिका आणि हाँगकाँग ‘ए’ विभागात, ब्रिटन ‘बी’मध्ये, तर भारत ‘सी’मध्ये येतो. म्हणजे क्रायटेरियनचा संच ‘ए’साठी, युरेकाचा ‘बी’साठी, आणि भारतात विकला जाणारा साधा प्लेअर या दोन्हींना नकार देण्याची शक्यता मोठी. डीव्हीडीचे विभाग आणखी वेगळे : अमेरिका १, ब्रिटन २, हाँगकाँग ३ आणि भारत ५. सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर हाच भरवशाचा उपाय. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांकडून संच मागवणाऱ्यांनी तो कोणत्या देशातून येत आहे हे आधी विचारून घ्यावे. लंडनच्या आणि न्यू जर्सीच्या भाच्यांनी आणलेले संच एकाच प्लेअरवर चालतीलच असे नाही.

शेवटच्या शिडीच्या मारामारीत सर्वत्र जेट लीच आहे का?

नाही. चित्रीकरणाच्या काळात त्याच्या पायाला दुखापत झाली होती आणि गोदामातील बांबूच्या शिड्यांवरच्या त्या प्रसिद्ध झुंजीतील काही भाग हुंग यान-यान या बदली कलाकाराने केला आहे. स्वच्छ झालेल्या चित्रात आता हे अधिक सहज टिपता येते, तसेच नटांना अधांतरी पेलणाऱ्या काही तारादेखील दिसतात. यामुळे त्या प्रसंगाचे मोल कमी होते असे मला वाटत नाही. किती कमी जमीन वापरून किती उंची गाठता येते, याचा तो पाठच आहे. हुंग यान-यानला पुढे तिसऱ्या भागात स्वतंत्र भूमिका मिळाली आणि ती त्याने गाजवली.

पुढचे भाग पाहावेत का?

दुसरा (१९९२) अवश्य पाहावा; मारामारीची आखणी युएन वू-पिंगची आहे, डॉनी येन प्रतिस्पर्धी आहे आणि अनेक जाणकार तो पहिल्याहून सरस मानतात. त्या भागापासून लिउंग फूनची भूमिका युएन बियाओऐवजी मॅक्स मॉक करतो, तेव्हा गोंधळून जाऊ नये. तिसरा (१९९३) सिंहनृत्यांच्या स्पर्धेसाठी पाहावा. चौथ्या आणि पाचव्यात जेट लीच्या जागी व्हिन्सेंट झाओ आला. ते संच घेतलाच असेल तर पाहावेत.

लहान मुलांसोबत पाहता येईल का?

बारा-तेरा वर्षांच्या पुढे हरकत नसावी. गोळीबार, रक्त, आणि स्त्रियांना पळवून नेण्याचा एक अस्वस्थ करणारा धागा त्यात आहे, हे लक्षात ठेवावे.

नवी डिस्क हाती आल्यावर प्रथम काय तपासावे?

चहाघराचे दृश्य लावावे. आत चिनी वादक वाजवत असतात. बाहेरून मिशनऱ्यांची मिरवणूक स्तोत्र गात येते. वादक जिद्दीला पेटून आवाज चढवतात, स्तोत्रही चढते, आणि तेवढ्यात बंदरातल्या आगबोटीचा भोंगा वाजतो आणि त्या दोन्ही संगीतांना गिळून टाकतो. चांगल्या ध्वनिपट्टीवर आधी दोन्ही सूर वेगवेगळे ओळखू यायला हवेत आणि भोंगा येताच दोन्ही पूर्ण बुडायला हवेत. भोंगा मागच्या स्पीकरमधून नाजूकपणे येत असेल आणि त्याखाली वाद्ये ऐकू येतच राहिली असतील, तर मेन्यूत जाऊन दुसरी पट्टी निवडावी.